माती काय खाते

शेवंताकाकूंचं नाव सर्वांत आधी लिहितो. पदवी मला विद्यापीठाने दिली आणि नोकरी पुढे जिल्हा परिषदेने दिली. पण लहान मुलासमोर बसावं कसं, आणि कुणाच्या दुःखासमोर तोंड मिटून उभं राहावं कसं, हे मला मुळशी तालुक्यातल्या एका सातवी पास बाईने शिकवलं. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. त्यामुळे बी.ए. झाल्यावर मला वाटायचं, आता मला बरंच कळतं. काकूंकडे राहिलेलं ते एक वर्ष लिहून काढायचं बरेच दिवस मनात होतं. आता केस पांढरे झालेत आणि सांगायला कुणाची भीड उरलेली नाही, म्हणून लिहितो.

मी मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावचा. मावसभाऊ हिंजवडीत एका कंपनीत लागला होता, त्याच्या भरवशावर आलो. त्याच्या मारुंजीतल्या खोलीत आम्ही सहाजण झोपायचो. कॉम्प्युटर येत नाही म्हणून मला कुणी उभं करेना. शेवटी एका संस्थेने बोलावलं. खेड्यातल्या बालवाड्यांमध्ये तीन ते सहा वर्षांच्या मुलांना पाणी जपणं, अन्न वाया न घालवणं, कचरा वेगळा करणं अशा सवयी लावायच्या, असं ते काम होतं. घोटावड्याच्या अलीकडचं एक गाव मला मिळालं, आणि तिथली बालवाडी चालवणाऱ्या बाई म्हणजे शेवंताकाकू. मुलांचा खाऊ शिजवणं, नाकं पुसणं, गाणी म्हणून घेणं हे सगळं त्या एकट्याच करायच्या. त्यांच्याच घरामागे विटांच्या आणि पत्र्याच्या तीन खोल्या होत्या. दोन कारखान्यातल्या पोरांना दिलेल्या होत्या, तिसरी मला मिळाली.

पहिल्या दिवशी मी संस्थेची यादी त्यांना वाचून दाखवली. हात धुतलेलं पाणी झाडाला घालणे, ताटात उरवू नये, जुन्या कपड्याची पिशवी करणे. काकू तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप थांबवलं. "सर, हे आमी रोजच करतो की. हेचा पगार मिळतुया व्हय तुमाला?" नाना, म्हणजे त्यांचे यजमान, पिरंगुटच्या एका कारखान्यावर वॉचमन होते. ते जेवताजेवता इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी ओशाळलो. पण काकूंनी त्या दिवसापासून यादीतली एकेक ओळ घेतली आणि मुलांना करता येईल अशी करून दिली. हात धुवायचे ते अळूच्या वाफ्यावर उभं राहून. खिचडी मागायची ती आधी बोट दाखवून, एक बोट म्हणजे एक पळी. उरलं तर ज्याचं त्याने कोंबड्यांना नेऊन घालायचं आणि कोंबड्यांना "चुकलं" म्हणायचं. तीन-तीन वर्षांची पोरं कोंबड्यांपुढे मान खाली घालून "चुकलं" म्हणायची, तेव्हा मला हसू आवरायचं नाही.

त्या घराचा वास अजून नाकात आहे. इंद्रायणीचा भात चुलीवर रटरटायला लागला की माझ्या खोलीपर्यंत घमघमाट यायचा. मी ज्वारीच्या भाकरीवर वाढलेला, मला सकाळ-संध्याकाळ भात म्हणजे जेवल्यासारखं वाटायचं नाही. "सरांचं पोट भातानं भरत न्हाई म्हनं, खालून भोक हाय," असं म्हणून काकू मला नाचणीची भाकरी वेगळी थापायच्या. कधी ओढ्याच्या चिंबोऱ्यांचं कालवण, कधी सुकट. रस्त्यावरून मारुंजीकडे जाणारे टेम्पो, शेजारच्या खोलीतल्या बिहारच्या पोरांचा रेडिओ, आणि या सगळ्याखाली एक ठोका. डोंगराच्या पलीकडे लोखंड ठोकायचा कारखाना होता. त्याचा घण दिवसभर पडत असायचा. कानाला फारसा ऐकू यायचा नाही, पण जमिनीवर बसलं की मांडीला कळायचा. धप्प. मग थोडा वेळ काही नाही. परत धप्प. गुरुवारी तिकडच्या सगळ्या कारखान्यांना सुट्टी, त्या दिवशी जमीन गप्प असायची. पहिल्या गुरुवारी मला उगीचच बेचैन वाटत राहिलं, आणि कशामुळे ते कळायला दुपार झाली.

माझ्या डोक्यातून निघालेली एकच गोष्ट तिथे रुजली, ती म्हणजे मातीचं ताट. हे नाव काकूंनी दिलेलं. बालवाडीच्या मागे, ओढ्याकडच्या अंगाला, विटा लावून आम्ही एक चौकोन केला आणि त्याचे कप्पे पाडले. दर गुरुवारी एका कप्प्यात मुलांनी काहीतरी पुरायचं आणि चार गुरुवारांनी उघडून बघायचं, मातीने काय खाल्लं आणि काय टाकलं. गुरुवार यासाठी की त्या दिवशी कारखान्यातले बाप घरी असायचे, त्यांनाही बघायला येता यायचं. भांडणं नकोत म्हणून काकूंनी नियम केला: ज्याने पुरलं त्यानेच उघडायचं, दुसऱ्याने हात लावायचा नाही. केळीची साल, सुती चिंधी, भाकरीचा तुकडा, करंजाचं पान, आणि दुकानातल्या कुरकुऱ्यांचा रिकामा पुडा असं आम्ही पुरलं.

पहिलं ताट उघडलं तेव्हा पाऊस सरत आला होता. साल गेली होती, भाकरी गेली होती, चिंधीचे दोन धागे उरले होते. आणि त्या काळ्या मातीतून पुडा निघाला तो दुकानातून आत्ता आणल्यासारखा, लाल, चकचकीत, त्यावरचा हसरा चेहराही तसाच. मला वाटलं होतं मुलं टाळ्या वाजवतील. मुलं मागे सरकली. एक पोरगी रडायला लागली. "ह्याला माती खाईना," असं कुणीतरी हळूच म्हणालं. त्या दिवसापासून त्या मुलांनी पुड्याला हात लावणं सोडलं. बापाने आणलेले बिस्किटाचे पुडे ती अंगणात नेऊन ठेवायची आणि लांबून बघायची. दुकानदार मला रस्त्यात अडवून म्हणाला, "सर, पोरांना काय भूत दावलं का? माजा धंदा बसवला तुमी." संस्थेला मी अभिमानाने कळवलं की सवयीत बदल दिसतो आहे. आज वाटतं, सवय लागली होती खरी, पण ती भीतीच्या पोटी लागली होती, आणि तो फरक ओळखायला मला त्या वेळी येत नव्हतं.

मग मुलांनी आपलं आपण एक सुरू केलं. गुरुवारी पुरलं की दुसऱ्या दिवसापासून रोज ती ताटाभोवती पालथी पडायची आणि कान मातीला लावायची. सगळी एकदम, गप्प. त्या वयाची पंधरा मुलं एवढी गप्प मी नंतर वीस वर्षांच्या नोकरीत कुठल्या वर्गात पाहिली नाहीत. "खातीया का?" एकजण विचारायचा. "खातीया," दुसरा म्हणायचा. मीही एकदा कान लावला. धप्प. थंडगार मातीतून ते थेट कवटीत येतं. मी त्यांना कारखान्याचा घण समजावून सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं, माझी कीव आल्यासारखं बघितलं आणि पुन्हा कान लावला. गुरुवारी काही ऐकू येत नसे, त्याचाही उलगडा त्यांच्यापाशी होता. "आज मातीचा उपास हाय."

त्यांच्यात कावेरी नावाची एक मुलगी होती, पाच वर्षांची, बोलायची जवळजवळ नाहीच. तिचा बाप भाजीचा टेम्पो चालवायचा आणि आई मंदा दुसऱ्याच्या शेतावर जायची. दिवाळी झाल्यावर ताटाच्या एका कप्प्यात भोपळ्याचा वेल उगवला. कुणी बी लावलेलं नव्हतं, उष्ट्यातून आलं असणार. मी आनंदाने सगळ्यांना गोल बसवलं आणि म्हणालो, "बघा, आपण मातीला दिलं, मातीने खाल्लं, आणि आता माती परत देते आहे." कावेरी उठून उभी राहिली. इतक्या महिन्यांत तिने मला विचारलेला तो पहिलाच प्रश्न.

"समदं परत देती?"

"हो," मी म्हणालो. "माती जे जे खाते ते सगळं परत देते."

"किती गुरुवारांनी?"

"कधी चार, कधी जास्त. वाट बघायची." तिने प्रश्न विचारला याचाच मला इतका हर्ष झाला होता की ती कशाबद्दल विचारते आहे हे मी विचारलं नाही.

त्यानंतर सकाळी ताटावर खुणा दिसायला लागल्या. थंडी पडली होती आणि ओढ्यावरून आलेलं धुकं दहा वाजेपर्यंत हलायचं नाही. मी कुलूप काढून मागे जायचो तर एका कोपऱ्यात, जिथे आम्ही काहीच पुरलेलं नव्हतं, माती ओली असायची. एकदा त्यावर दूधभाताचा घास होता. एकदा पाच गोटे, मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने. मुलांना विचारलं तर सगळी जमिनीकडे बघायची. एका सकाळी कोपऱ्यातून कापडाचं टोक वर आलेलं दिसलं. ओढलं तर बाळाची कुंची, पिवळी, हातशिलाईची, आणि आत काळ्या मण्यांच्या दोन मणगट्या. कुंचीला अजून तेलाचा वास होता. मी ती हातात घेऊन स्वयंपाकाच्या खोलीत गेलो. काकूंनी बघितली आणि पळी खाली ठेवली.

"मंदाच्या बाळाची हाय," त्या म्हणाल्या.

बाळ श्रावणात झालं होतं, मी गावी गेलो होतो तेव्हा. आठ दिवस जगलं. बारसंही झालं नव्हतं. आमच्याकडेही तान्ह्या मुलाला अग्नी देत नाहीत, पुरतात, हे मला ठाऊक होतं. खाली मीठ घालायचं, वर माती, मातीवर गोटे आणि गोट्यांवर बाभळीचं काटेरी डहाळं, कुत्र्याने उकरू नये म्हणून. बाप आणि दोघंतिघं बाप्ये जातात आणि आईला जागा सांगत नाहीत. सांगितली तर तिचा पाय तिकडेच ओढतो, असं म्हणतात. "मंदा रोज इचारती नवऱ्याला, कुटं ठिवलं माजं?" काकू म्हणाल्या. "त्यो ताटावरनं उटून जातो. समद्या आळीला ऐकू येतं. पोरीला येत नसंल का?"

"काकू, तिला वाटतंय की माती..."

"तुमीच सांगितलंत ना, समदं परत देती म्हनून?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यानेच मला जास्त लागलं. "आज बसवा तिला जवळ. सांगा, सरांचं चुकलं. कोंबड्यांना सांगायला लावता की पोरांना."

मी सांगणार होतो. पण त्या आठवड्यात संस्थेच्या मॅडम पुण्याहून ताट बघायला येणार होत्या. मुलांची तयारी करून घ्यायची होती, आणि मला भीती होती की मातीचं ताट खोटं आहे असं एकदा म्हटलं तर सगळा डोलारा कोसळेल. म्हटलं, गुरुवार होऊ दे, मग सांगू.

गुरुवारी मॅडम पुण्याहून सूसमार्गे गाडी घेऊन आल्या. गाव रिकामं होतं. भात झोडणीचे दिवस होते, आणि सुट्टी असलेले बापही खळ्यावर गेले होते. धुक्यात पलीकडून नुसते झोडपल्याचे आवाज येत होते, माणूस दिसत नव्हतं. मुलांनी बहारच केली. हा पुडा कुणी खात नाही, हे पान माती खाते, हे पाणी अळूचं. मॅडम "अमेझिंग, अमेझिंग" म्हणत फोटो काढत होत्या. आत येऊन त्यांनी चहा घेतला आणि मला म्हणाल्या, "गजानन, हे आपण बाकीच्या पंधरा बालवाड्यांत नेऊ या. तू कोऑर्डिनेट करशील?" मी कप धरून उभा होतो. घरी आईला कसं कळवायचं याची वाक्यं मनात जुळत होती. आणि तेवढ्यात मला जाणवलं की बाहेर आवाज नाही.

दारात आलो. अंगणात चारदोन बारकी मुलं उकिडवी बसली होती. बाकीची नव्हती. भिंतीवरची दोरीही नव्हती. रस्त्याने नेताना मुलांनी धरून चालावं म्हणून आम्ही एक दोरी केली होती, हातभर अंतरावर गाठी मारलेली, एका गाठीला एक मूल. ओढ्याच्या उतारावर धुक्यात मला ती दोरी दिसली. तिच्या गाठी धरून आठ-नऊ मुलं ओळीत चालली होती, अगदी मी शिकवलं तशी, कुणी कुणाला ढकलत नव्हतं. पुढे कावेरी होती. शेवटचं पोर दिसेनासं झालं आणि मला एकदम कळलं ती कुठे निघालीत. मी कप तिथेच सोडून धावलो.

ओढ्याच्या काठी करंजाची तीन झाडं आहेत, आता त्यांच्यामागून सोसायटीची भिंत गेली आहे. तिथे पोचलो तेव्हा त्यांनी बाभळीचं डहाळं उचलून नीट बाजूला ठेवलेलं होतं. गोटे काढून मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीत लावले होते. वस्तू लावून ठेवाव्यात हेही मीच शिकवलेलं. कावेरी गुडघ्यांवर बसून करवंटीने माती काढत होती, हळूहळू, आतलं काही दुखावू नये अशी. वीतभर खड्डा झाला होता. बाकीची मुलं चहूबाजूंनी पालथी पडून कान लावून होती.

"खातीया का?"

"न्हाई. गप हाय."

"उपास हाय आज."

मी तिच्यापासून पाच पावलांवर होतो. हाक मारायची होती, पण घशातून आवाज निघाला नाही. मग मागून काकू आल्या, हातात खिचडीची पळी तशीच. त्या माझ्याकडे न बघता पुढे गेल्या आणि कावेरीशेजारी जमिनीवर बसल्या, जशा रोज तिची वेणी घालायला बसत.

"कावे, हे कुनी पुरलंय गं?"

करवंटी थांबली. "आबानं."

"तू पुरलंस?"

"न्हाई."

"मग कुनी उघडायचं?"

पालथी पडलेली मुलं मान वळवून तिच्याकडे बघत होती. नियम सगळ्यांना पाठ होता. "आबानं," ती म्हणाली, आणि मग तिचं तोंड वाकडं झालं. "आबा उघडतच न्हाई. आय रोज इचारती, आबा सांगत न्हाई. म्या बगितलंय, म्या झाडामागं व्हते. चार गुरवार कवाच झाले. उघडलं आन् दिलं मातीनं, तर आयला निऊन देनार व्हते."

"न्हाई द्यायची माती," काकू म्हणाल्या. "भोपळा देती, बाळ न्हाई देत. सरांचं चुकलं." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. मी खाली बसलो आणि म्हणालो, "माझं चुकलं, कावेरी. मी चुकीचं सांगितलं." तिने माझ्याकडे असं बघितलं की ती नजर मी कुठल्याही शब्दात लिहू शकत नाही. मग काकूंनी तिच्या हातातून करवंटी घेतली. "आयला जागा दावायची हाय ना? मग जागा दावू. उघडायचं कशाला?"

माती मुलांनीच परत लोटली. गोटेही त्यांनीच ठेवले. काकूंनी मला मुलं घेऊन वर जायला सांगितलं नाही. पळी माझ्या हातात दिली आणि सरळ खळ्याकडे निघाल्या. तिथे काय झालं ते नंतर नानांकडून कळलं. मंदा पेंढा बांधत होती. काकूंनी तिचा हात धरून तिला उठवलं. मंदाचा सासरा आडवा आला, "बाया जात न्हाईत तितं." काकू म्हणाल्या, "पोरं जात्यात, कुत्री जात्यात, गुरं चरत्यात. बाईच तेवढी जात न्हाई व्हय? सरा बाजूला." आणि तो माणूस खरंच सरला.

मंदा आली तेव्हा धुकं विरायला लागलं होतं. तिच्या केसांत भाताचं भुसकट होतं. तिला कुणी काही सांगितलं नाही, कावेरीने नुसतं बोट दाखवलं. ती बसली. रडेल असं मला वाटलं होतं, पण ती रडली नाही. तिने एक गोटा उचलून बाजूला केला आणि उघड्या मातीवर हाताचा पंजा ठेवला. मग एकदम उचलला, चटका बसल्यासारखा. पुन्हा ठेवला, आणि तसाच राहू दिला. "हाय," ती म्हणाली. आमच्यापैकी कुणाला म्हणाली ते कळलं नाही. तिचा नवरा बांधावर येऊन उभा होता. त्याने तिथेच चपला काढल्या.

मला वाटलं, घण लागला असेल हाताला. कारखान्याचं सांगायला मी तोंड उघडलं. काकूंनी माझा दंड एवढ्या जोराने दाबला की चार दिवस काळं राहिलं. मी गप्प बसलो. ती दोघं तिथून उठेपर्यंत, आणि मुलं दोरी धरून परत वर येईपर्यंत, मी गप्प होतो. बालवाडीच्या दारात मॅडमची गाडी अजून उभी दिसली तेव्हा माझ्या लक्षात आलं की तो गुरुवार होता. मी दारातच वाकून जमिनीला हात लावून बघितला. काही नव्हतं.

पुढचं थोडक्यात सांगतो. सर पोरांना थडगी उकरायला शिकवतात असं दोन दिवस गावात झालं. चार मुलं यायची बंद झाली. पंधरा बालवाड्यांचं काम मी मॅडमना नको म्हणून कळवलं आणि बॅग भरली. काकूंनी ती बघितली, ताट वाढलं आणि म्हणाल्या, "जानार कुटं? दोन वाटा हायेत, एक हिंजवडीला जाती आन् एक पौडाला. आदी भात खावा." सोमवारी ती चारही मुलं मंदाच हाताला धरून घेऊन आली. मी वर्ष पुरं केलं. ताट चालू ठेवलं, पण मुलं काय पुरतात आणि कशासाठी ते आधी विचारून, आणि जे मला ठाऊक नाही ते ठाऊक नाही असं म्हणून. कावेरी हळूहळू बोलायला लागली, इतकी की काकू तिला "रेडिओ" म्हणायच्या. पुढे मी डी.एड. केलं, आमच्याकडे नोकरी लागली, सुनंदाशी लग्न झालं.

काकूंना मी दरवर्षी दिवाळीला कार्ड टाकायचो, पण खरं पत्र एकच लिहिलं. टाकण्याआधी वहीत उतरवून ठेवलं होतं, ते खाली देतो.

*

ती. शेवंताकाकू यांस,

साष्टांग नमस्कार. नानांच्या गुडघ्याचं कसं आहे? तुम्ही पाठवलेले इंद्रायणी तांदूळ मिळाले. आई म्हणते, एवढा चिकट भात माणसं कशी खातात.

काकू, एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली होती. त्या दिवशी ओढ्यावर तुम्ही माझ्या मागून आलात. मी तिथे तुमच्याआधी किती वेळ उभा होतो ते तुम्ही कधी विचारलं नाही. मी लगेच पोचलो असं सगळ्यांना वाटलं. तसं नाही. ती उकरत होती आणि मी बघत होतो. दोनतीन वेळा करवंटी भरून माती निघाली तोवर मी बघत होतो. आवाज निघाला नाही हे खरं, पण ते सगळं खरं नाही. मलाही बघायचं होतं. एवढ्या मुलांनी एवढा विश्वास ठेवला होता की क्षणभर मलाही वाटलं, असेल. ही गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही.

दुसरं. गेल्या महिन्यात आम्हाला मुलगी झाली होती. पाच दिवस होती. तुम्हाला कळवायला हात उचलला नाही. मी, माझे चुलते आणि शेजारचा एकजण, असे तिघे नदीकडे गेलो. मीठ मीच घातलं. घरी आलो तर चुलते म्हणाले, सुनंदाला जागा सांगू नकोस. आई म्हणाली, सांगू नकोस. भटजींनीही तेच सांगितलं. ती काही विचारत नव्हती. नुसती दाराकडे बघायची. मी तीन दिवस गप्प राहिलो, काकू. बी.ए., डी.एड. झालेला माणूस मी, तीन दिवस ताटावरून उठून जात होतो.

चौथ्या दिवशी सकाळी मी तिला चपला घालायला लावल्या. आई दारात आडवी उभी राहिली. तुम्ही म्हणाला होतात तसं मला काही म्हणता आलं नाही. मी नुसतं "सर बाजूला, आई" एवढंच म्हणालो, आणि ती रडत बाजूला झाली. सुनंदाला अशक्तपणा होता म्हणून वाटेत दोनदा बसलो. तिथे पोचल्यावर मी तिला जागा दाखवली आणि मागे सरकलो. तिने हात ठेवला. तिला काय लागलं ते मी विचारलं नाही. ती उठेपर्यंत मी उभा होतो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला घेऊन तुमच्याकडे येऊ म्हणतो. ती आता थोडं थोडं जेवते.

तुमचा,
गजानन